शिळं पाणी

भाऊजी,

काल तुमच्या शोकसभेत लोक हसले. शोकसभेला शोभेल इतपतच, तोंडावर रुमाल धरून, पण हसले. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, बोलायला उभे राहिले होते. आधी दोनदा खाकरले आणि मग म्हणाले, "आमचा प्रकाश फार साधा. इतका साधा, की वाळवंटात पाणी सांभाळायला दिलं तर तेसुद्धा सांडून बसला." हॉलमध्ये बसलेल्यांना हा किस्सा तोंडपाठ आहे. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या बारशाला, कुठे म्हणून सोडला नाही तो. तेवढ्यात मंडळाचा एक जण ट्रेमधून पाण्याच्या इवल्या इवल्या बाटल्या वाटत आला, तर मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "झाकण नीट लाव रे बाबा." पुन्हा हसले.  मी बाथरूममध्ये जाऊन खरोखरच ओकले, भाऊजी. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते.

तुमची नीता पुढच्या रांगेत होती. मान खाली, हात मांडीवर. ना तिनं हसण्याकडे लक्ष दिलं, ना ती रडली. तिला बघून मला स्वतःचीच जी शिसारी आली, ती अजून उतरलेली नाही. पाणी तुम्ही सांडलं नव्हतं. मी ओतलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्ही गेल्यावर कालपर्यंत जगात एकट्या मला माहीत होतं. म्हणून लिहायला बसले. तुमच्याबद्दल चांगलंचुंगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं.

ती कॅरॅव्हान आठवते? कशी नाही आठवणार! कोणी एक इंग्रज देश सोडून चालला होता, त्यानं ती स्वस्तात फुंकून टाकली आणि तुमच्या दादांना वाटलं लॉटरी लागली. "चार हजार दिरहम, म्हणजे चाळीसेक हजार रुपये! एवढ्यात गावाकडे गोठा होत नाही." गोठा परवडला असता. आत शिरल्याबरोबर ओलं कुत्रं आणि जुनं तेल असा काहीतरी वास यायचा. गाद्यांवर कसले कसले डाग होते. मी डेटॉल घेऊन दोन दिवस घासत बसले होते. मला वासाचं आणि घाणीचं वेड आहे, हे तुम्ही सगळ्यांना सांगत सुटायचात. "वहिनी स्वर्गात गेल्या तरी आधी फिनाइल मागतील," म्हणायचात. मी चिडायचे. खोटं नव्हतं ते.

शहाण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. शाळेला सुट्टी. बारा दिवसांची ट्रिप ठरली: दुबईहून लिवा, तिथून वाळूतून आतल्या आत, मग अल ऐन करून थेट फुजैराच्या समुद्रापर्यंत. आपण चौघं, माझा सात वर्षांचा मिहीर आणि तुमची दहा महिन्यांची गौरी. एवढं तान्हं मूल घेऊन वाळवंटात कशाला, असं नीता एकदा म्हणाली होती. तिचं कोण ऐकणार? दादांनी ठरवलं म्हणजे खलास.

पाण्याचं खातं तुम्ही मागून घेतलंत. कॅरॅव्हानच्या पोटाखाली एक टाकी होती, तिचं पाणी आतल्या नळाला यायचं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन तिच्यात डोकावलात आणि मला हाक मारलीत. "वहिनी, बघा, तुमच्या आवडीचा आयटम." मी मूर्खासारखी वाकून बघितलं. आत भिंतीला हिरवा बुळबुळीत थर, त्यात केस अडकलेले, आणि तळाशी एक पाल, मरून फुगून पांढरी पडलेली. आई गं! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुम्ही तारेनं ती पाल काढलीत आणि म्हणालात, टाकी उतरवून ब्लीच घालून धुवायला एक दिवस लागेल. तर दादा म्हणाले, "हात धुवायलाच तर आहे. एक दिवस कशाला घालवतोस? यल्ला, भर आणि चल." त्या घाणीवरच पेट्रोल पंपावरचं पाणी भरलं गेलं. हा किस्सा मात्र तुमचे दादा कुठल्या बारशाला सांगत नाहीत.

पिण्याच्या पाण्यासाठी तुम्ही वीस लिटरचे सहा कॅन घेतलेत. प्रत्येकाच्या मुठीला लाल चिंधी बांधलीत. लाल चिंधी म्हणजे पिण्याचं, बाकी सगळं हातपाय धुवायचं. आत माझं स्टीलचं नळाचं पिंप होतं. कॅनमधलं पाणी त्यात ओतायचं आणि पिंपातूनच प्यायचं. माणशी एक पेला, पेल्यावर नाव. भांडी आधी वाळूनं घासायची, मग टाकीच्या पाण्याचा एक हात. दूध पावडरचं पाणी उकळून थर्मासमध्ये. लिव्यात कॅन भरून घ्यायचे, ते सहा दिवस पुरतील, तोवर आपण अल ऐनच्या रस्त्याला लागू. तुम्ही हे सगळं आम्हाला समोर बसवून सांगितलंत आणि मी म्हटलं, "भाऊजी, मिलिटरीत का नाही गेलात?"

आणि मग मी काय केलं, तर जे रोज करते ते केलं.

आमच्या घरी सकाळी उठल्यावर बाईचं पहिलं काम ठरलेलं. रात्रीचं पाणी ओतून द्यायचं, भांडं लखलखीत घासायचं, ताजं भरायचं. शिळं पाणी पोटात गेलं की अंगात आळस भरतो, असं माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. दुबईत बिल्डिंगच्या टाकीचं पाणी चार चार दिवसांचं असतं, तरी मी सकाळी फिल्टरचं भांडं ओतून परत भरते. तिथेही तेच. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे, पिंपात जे उरलं असेल ते, कधी अर्धं, कधी त्याहून जास्त, कॅरॅव्हानच्या मागे वाळूत ओतायचे आणि कॅनमधून ताजं भरायचे. ताजं! ते कॅनमधलं पाणीही लिव्यात भरलेलं, तितकंच शिळं. पण एवढा विचार करायला अक्कल लागते आणि हाताला अक्कल नसते. वाळू एका घोटात सगळं पिऊन टाकायची. मागमूससुद्धा राहत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही कॅन हलवून बघत होतात. "हिशेब जुळत नाही," म्हणालात. "आपण इतकं पितोय?" मी तिथेच कांदा चिरत होते. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. चोरून काही करतेय असं मला वाटतच नव्हतं, मग कबूल काय करणार? पाणी ओतणं म्हणजे केर काढण्यासारखं. केर काढला हे कोणी सांगत बसतं का?

चौथ्या संध्याकाळी वाळूत गाडी रुतली, दादांनी इंजिन किंचाळेपर्यंत अॅक्सिलरेटर दाबला आणि क्लच जळला. त्या जळक्या वासानं रात्रभर डोकं दुखत होतं. मोबाईल होता, पण त्याला रेंज नव्हती. कोणीतरी येईल, असं ठरवून आपण झोपलो. आणि पाचव्या दिवशी सकाळी, गाडी बंद पडलेली, दिशा धड माहीत नाही, अशा अवस्थेत मी उठले आणि पिंप उचलून मागे गेले. दहा-बारा लिटर तरी असेल. ओतून वळले तर तुम्ही उभे. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. वाळूवरचा ओला डाग अजून मिटायचा होता. तुम्ही डागाकडे बघितलंत, पिंपाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. ब्रश तोंडातून काढलात आणि म्हणालात, "रोज?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत शेवटच्या कॅनमध्ये चार बोटं पाणी होतं.

दादा उठले, कॅन उचलले, सगळे हलके. मग जो आरडाओरडा सुरू झाला! कोणी सांडलं, कोणी नासलं, कोण मूर्ख आहे. गौरी दचकून रडायला लागली. मी तोंड उघडलं होतं, भाऊजी, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात. "दादा, चूक माझी. लिव्यात झाकणं माझ्याकडून नीट लागली नाहीत. येताना सांडलं असणार." आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. दादांनी तुम्हाला काय काय म्हणून घेतलं, ते मी इथे लिहिणार नाही. तुमच्या बायकोसमोर म्हणून घेतलं. नीता गौरीला उचलून तुमच्यापासून लांब जाऊन बसली.

नंतर मी गाडीमागे तुम्हाला गाठलं. "कशाला असं केलंत?" तर तुम्ही काय म्हणालात? "वहिनी, दादा तुम्हाला जन्मभर ऐकवेल. मला चार दिवस ऐकवेल, मी भाऊ आहे." चार दिवस! अहो, स्वतःचा सख्खा भाऊ तुम्हाला एवढाही कळला नव्हता?

त्या दिवसाची आठवण नको वाटते. ज्या टाकीतली पाल बघून मला जेवण गेलं नव्हतं, त्या टाकीचं पाणी मी माझ्या मलमलच्या ओढणीतून गाळलं. ओढणीवर शेंबडासारखा हिरवा थर राहिला. सडक्या अंड्याचा वास. गॅसवर उकळलं तसा तो वास कॅरॅव्हानभर झाला. चहा पावडर दुप्पट घातली, लिंबू पिळलं, तरी घशाखाली उतरेना. मिहीर म्हणाला, "मम्मी, धिस इज टॉयलेट वॉटर," आणि दादांनी त्याला फटका दिला. चार बोटं चांगलं पाणी होतं, ते गौरीच्या दुधाला ठेवलं. तुम्ही दिवसभर एक घोट प्यायला नाहीत. "मला तहान नाही," म्हणत ओठ फुटलेला माणूस टेकाडावर चढून कोणी दिसतंय का बघत होता. दुपारनंतर चांगलं पाणी संपलं आणि मग गौरीचं दूधही त्याच टाकीच्या पाण्यात कालवलं गेलं. कालवलं मी. नीता तिला मांडीवर घेऊन बसली होती, म्हणून बाटली मी भरली. पोर भुकेली होती, तिनं ती घटाघटा संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पोर चोथा झाली होती. वर खाली, वर खाली. कपडे धुवायलासुद्धा पाणी नाही. डोळे आत गेले, रडायचीसुद्धा थांबली. नीता तुम्हाला म्हणाली ते वाक्य माझ्या कानात आहे: "स्वतःच्या पोरीचं पाणी सांभाळता आलं नाही तुम्हाला." तुम्ही तिच्यासमोर उभे होतात आणि मी तुमच्या मागे. तेव्हा तरी बोलायचं! तुम्ही एकदाही वळून माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि मला त्याचंच बरं वाटलं. थू माझ्या जिण्यावर.

मग वाळवंटात फिरणारा तो म्हातारा बदू आला, त्याच्या पिकअपमध्ये मागे दोन बकऱ्या. गौरीकडे एकदा बघितलं आणि "यल्ला, यल्ला, मुस्तश्फा!" म्हणून ओरडायला लागला. हॉस्पिटल, हॉस्पिटल. त्यानं सीटखालून पाण्याचं एक मळकट कातडी भांडं काढलं, बकरीच्या वासाचं. एरवी मी त्याला हात लावला नसता. त्या दिवशी त्याला तोंड लावून प्यायले, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. गौरीला चार दिवस सलाईन होतं. वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आणि तुमचे चार दिवस सुरू झाले.

तुम्हा दोघा भावांच्या धंद्याच्या, रास अल खोरच्या गोडाऊनची किल्ली तुमच्याकडे असायची. ती दादांनी मागून घेतली. "ज्याला पाणी राखता येत नाही, तो माल काय राखणार?" वर्षभरात तुम्हाला फुजैराला पाठवलं, जहाजांना भाजीपाला आणि पीठ पुरवायला. ब्रँच म्हणे! एक खोली, एक फ्रीज आणि एक पिकअप. पार्टनर होतात, पगारी झालात. मला कळत होतं हे सगळं कुठून सुरू झालं. मी रोज ठरवायचे, आज सांगते. मग दादा ऑफिसमधून वैतागून यायचे आणि मी म्हणायचे, उद्या. उद्या उद्या करत मिहीरला मिशा फुटल्या. आणि घरी तो किस्सा रंगला, पाहुणे हसले, की मी चहाचे कप गोळा करायला लागायचे. एकदा मीही हसले होते. तुम्ही समोर होतात. तुम्हीही हसलात, आणि माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवलीत. तुमची ती भुवई मला अजून छळते.

मला तुमचा रागही येतो, भाऊजी. खरं तेच सांगते, मेलेल्या माणसाशी खोटं काय बोलायचं? कोणी सांगितला होता तुम्हाला हा मोठेपणा? मी मागितला होता? मला दादांनी जन्मभर ऐकवलं असतं, तर ऐकून घेतलं असतं, उलट बोलले असते, भांडले असते. तुम्ही मला भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत. वर दर महिन्याला फुजैराहून येताना सुरमई, तीही साफ करून, बर्फात घालून, "वहिनींना वास नको." ती सुरमई मी तळायचे आणि माझ्या घशात काटा नसताना टोचायचं.

एकदाच मी विषय काढला. तुमच्याकडे आलो होतो, समुद्राकाठी चालत होतो, बाकीचे पुढे गेले होते. लांबवर जहाजं उभी होती आणि पाण्याला डिझेलचा वास येत होता. मी म्हटलं, "भाऊजी, ते पाण्याचं… मी नीताला सांगू का?" तुम्ही लांबच्या जहाजांकडे बघितलंत. मग म्हणालात, "तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. माझ्यासाठी नका सांगू." आणि मक्याचं कणीस घ्यायला गेलात. मी काय करावं? मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यासाठी नका सांगू म्हणजे नाही सांगितलं तरी चालेल, असा सोयीचा अर्थ मी काढला. तुम्ही किती जड आवाजात ते बोलला होतात, ते मला काल त्या बाथरूममध्ये तोंड धुताना आठवलं.

म्हणून आज मी फुजैराला गेले. दादांना सांगितलं नाही. त्यांचं काय ते मी बघून घेईन. पाचव्या टेस्टला मिळालेल्या लायसन्सवर, ट्रकांच्या मधून, डोंगरातल्या रस्त्यानं, एकटी. तुमच्या सोसायटीखाली गाडी लावून अर्धा तास आतच बसून होते.

नीता तुमच्या शर्टांच्या घड्या घालत होती. गौरी सोफ्यावर कार्टून बघत होती. "हाय काकू," म्हणाली आणि परत टीव्हीत शिरली. केवढी उंच झाली आहे! नाक तुमचं आहे. मी नीताला म्हटलं, आत चल, बोलायचंय. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिंप, पहाट, वाळूतला डाग, तुमचं ते झाकणांचं खोटं, चार दिवस, सगळं.  ती हातातला शर्ट तसाच धरून होती. मला वाटलं आता थोबाडीत मारेल. मारावी असं फार वाटत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे झाकणं त्यांनी नीट लावली होती."

मी म्हटलं, "हो."

बराच वेळ ती शर्टाचं एकच बटण लावत होती, काढत होती. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"ताई, हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दिवसापासून मी गौरीला त्यांच्या हातचं पाणी पिऊ दिलं नाही. एकदाही नाही. रोज ते तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवायचे, पुढे शाळा सुरू झाली तेव्हा ती घरी यायच्या वेळेला. मी तो उचलायचे, त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतायचे आणि दुसरा भरून द्यायचे. आठ वर्षं. "

बाहेर गौरी कशाला तरी खळखळून हसली. नीतानं शर्ट खाली ठेवला.

"तरी रोज ठेवायचे, ताई. गेले त्या दिवशीसुद्धा ठेवला होता. मी ओतला."